कर्जाच्या पैशांतली मोटारसायकल

शैक्षणिक कर्ज मंजूर झालं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. अक्कल बरीच लहान होती. वडील खुलताबादकडच्या डोंगरात शेळ्या राखायचे. सहकर्जदार म्हणून सही करताना त्यांनी बँकेच्या मॅनेजरला सरळ विचारलं, "साहेब, पोरगं नापास झालं तर पैशे माफ व्हत्यात का?"

"नाय हो," साहेब म्हणाले, "मग तर ते जास्त टोचतात."

फी परस्पर कॉलेजात गेली. मेस, पुस्तकं आणि खोलीभाड्याचे पैसे मात्र माझ्या खात्यात आले. शहरात, पुंडलिकनगरात दोन मित्रांसोबत खोली घेतली आणि आठवड्याभरात एक जुनी मोटारसायकलही. कॉलेज लांब पडतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. चालत पंधरा मिनिटं लागायची.

दिवाळीपर्यंत खातं धुऊन निघालं. मेसवाल्या मावशींनी दोन महिने वाट पाहिली आणि डबा बंद केला. म्हणाल्या, "गाडीच चावून खा आता."

मग मी मित्राचा चांगला फोन घेऊन दर रविवारी वेरूळला जायला लागलो. लेण्यांत लोकांचे फोटो काढून द्यायचे, जमेल तेवढे पैसे घ्यायचे. सोबत इतिहास फुकट. इतिहास मला येत नव्हता, पण ते गिऱ्हाइकाला कुठं माहीत? कैलास लेण्याच्या अंगणात सोंड तुटलेला दगडी हत्ती आहे. एका कुटुंबाला त्याच्यापुढं उभं करून मी ठोकून दिलं, "राजाची लेक सोंडेला झोका बांधायची. एक दिवस लई जोरात झोका घेतला."

"हे कुठं लिहिलंय?" टोपीवाल्या गृहस्थानं गॉगल काढत विचारलं.

मॅनेजरसाहेब! सहकुटुंब!

पळून जावं तर फोटो बघायला घेतलेला मित्राचा फोन त्यांच्या मुलीच्या हातात. साहेबांनी तिथंच पायरीवर बसवून सगळं वदवून घेतलं.

"वडिलांना सांगितलंस?"

"नाय."

"लाव फोन."

मी स्पीकरवर सांगून टाकलं. पलीकडं नुसत्या शेळ्या ओरडत होत्या. शेवटी वडील बोलले, "गाडी चालू हाय का?"

"व्हय."

"मग घिऊन ये इकडं. माझे गुडघे गेले शेरडांमागं."

साहेबांना हसू आवरेना. त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, ह्याच्या वडिलांनाच मॅनेजर करा."

पुढच्या रविवारी गाडी गावी सोडली. वडिलांनी दोन बोकड विकून मेसचे पैसे माझ्या हातात ठेवले. त्यातला एक मी बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. ते एका शब्दानंही रागावले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, जेवण तरी गोड लागलं असतं. तसा पोटभर जेवलो, पण मान खाली घालून.

वर्षाच्या शेवटी पास झालो, बँकेकडून कर्जाचा पुढचा हप्ता आला. तो मावशींकडं आगाऊच नेऊन दिला, कारण माझ्यावर माझाच भरवसा नव्हता. वेरूळचे फोटो शेवटच्या वर्षापर्यंत काढले. राजाच्या लेकीचं मात्र बंद केलं. आता तीच गोष्ट दुसरे फोटोवाले सांगतात.