पलीकडची पाचवी

मी सांगलीहून निघाले तीच भीती घेऊन. धाकटी बहीण रंजना कोयनेच्या जलाशयाकाठच्या एका वाडीत नांदते; मेहुणे सैन्यात. तिची गौरी चौथी पास झाली आणि वाडीतली शाळा संपली. पाचवी पाण्याच्या पलीकडे. "ताई, एकदा तिच्याबरोबर होडीतून जाऊन बघ, मग सांग हिला सांगलीला नेतेस का," रंजना फोनवर म्हणाली होती. मला पोहता येत नाही.

सातारा मागे पडला आणि घाट सुरू झाला. पावसात प्रत्येक वळणावर जीप दरीकडे सरकतेय असं वाटत होतं. संध्याकाळी वाडीत पोहोचले. रंजनानं नाचणीची भाकरी आणि कुर्डू (पावसाळी रानभाजी) वाढली, पण मी सारखी बाहेरच बघत होते. अंगणाखाली नजर जाईल तिथवर पाणीच होतं.

सकाळी गौरीसह पाच मुलं होडीत बसली. होडीवाले तात्या मला म्हणाले, "ताई, मधी बसा, आन् हलू नगासा."

निम्म्यावर धुकं उतरलं आणि इंजिन बंद पडलं. दोन्ही काठ दिसेनासे झाले. तात्या दोरी ओढत राहिले. इंजिन खोकायचं आणि गप्प व्हायचं. होडी आडवी फिरली, लाटेचं पाणी आत आलं. मुलं कुणी न सांगता डब्यांच्या झाकणांनी ते उपसू लागली.

"असं नेहमी होतं?" मी होडीची कड घट्ट धरून विचारलं.

"कवा कवा," गौरी म्हणाली. "मावशे, तू डोळं मीट. पहिल्यांदा मी पन मिटायची."

शेवटी तात्यांनी वल्हं मारत होडी काठाला लावली. मी त्यांचा हात धरून उतरले. मुलं मात्र दप्तरं सावरत पळाली.

जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत पाचवी ते सातवी एकाच खोलीत बसतात. मी गुरुजींना पुढचं विचारलं. ते म्हणाले, "आठवीला तालुक्याच्या अनुदानित हायस्कुलात, वसतिगृहात राहून. अकरावी-बारावीला सातारा." आमच्या सांगलीत महापालिकेची शाळा, हायस्कूल, इंग्रजी माध्यम, कनिष्ठ महाविद्यालय, सगळं एकाच रस्त्यावर. टप्पा बदलला की फाटक बदलतं. इथे घर सुटतं.

परतताना पाणी शांत होतं, तरी मी गौरीचा हात सोडला नाही. वाडीच्या काठावर उतरताच रंजनाला म्हणाले, "मी हिला नेते."

रंजनानं होकारार्थी मान हलवली आणि तोंड फिरवलं. गौरीनं विचारलं, "मग होडीत चौघंच ऱ्हानार?"

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"लय वाटती. सगळी हायत म्हून बसती."

दोन दिवसांनी आम्ही दोघी सांगलीला आलो. आता तिची शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. मला वाटलं होतं, इथे आलो की भीती संपेल. पण सकाळी पाऊस लागला की गौरी आधी आईला फोन लावते. होडी पोचली का, एवढंच विचारते. उत्तर येईपर्यंत ती दप्तर उचलत नाही आणि मीही तिला घाई करत नाही.