पावणेदहाची कणी

साहेब आणि मॅडम भांडले तेव्हा अंजनाबाई दाराआड झाडत होती. झाडू जागच्या जागी फिरत होता.

"कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात," प्रल्हाद साहेब म्हणाले. "चोचींची टोकं कापा, भानगड मिटली."

"दुखतं त्यांना," सुजाता मॅडम म्हणाल्या. "टोचणारीची अंडी उबवायचीच नाहीत. शांत कोंबड्यांची पिल्लं वाढवू. तीन पिढ्यांत घराणं सुधारेल."

"नाही सुधारलं तर?"

"तर कापा."

नवा रायपूरच्या कुक्कुटशाळेत चोची कापायचं यंत्र चाललं की अंजनाबाईला घास जायचा नाही, डबा तसाच तेलीबांध्याला घरी परत जायचा. म्हणून ती मॅडमच्या बाजूची. मॅडमनी तिलाच काम दिलं. रोज दहाला तासभर कोंबड्यांवर नजर ठेवून बसायचं, टोचणारी दिसली की तिच्या पायात निळं कडं घालायचं.

आता पाहुणे पाहायला येणार म्हटल्यावर पोरीला उपाशी कोण बसवतं? अंजनाबाईनं पावणेदहालाच सगळ्यांना पोटभर तांदळाची कणी चारली. कोंबड्या बसल्या डुलक्या घेत. निळी कडी खोक्यातच राहिली आणि मॅडम खूश झाल्या.

तिसरी पिढी उघड्या पाठीची निघाली. साहेबांनी यंत्रावरची धूळ झटकली. तेव्हा मात्र अंजनाबाई मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मी त्यायले आधी चारत होती. पोट्टी पाहाले आले तर तिले खाऊ नाही घालत का?"

मॅडमनी कपाळावर हात मारला, मग खूप वेळ हसल्या. साहेबांकडून अजून एक पिढी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पाहणी झाली. पहिलं कडं कुणाला, तर सासूबाईला, म्हणजे अंजनाबाईच्या सगळ्यात लाडक्या कोंबडीला. पाच मिनिटांत तिनं तिघींची पाठ सोलली.

"भांडखोर म्हणून तिले वंशच नाही?" अंजनाबाई म्हणाली. "हा कायदा आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात असता तं मीच जन्मली नसती."

"वेगळं खुराडं देऊ तिला, दाणापाणी देऊ," मॅडम म्हणाल्या. एक कडं बोटांत फिरवत म्हणाल्या, "पण बरोबर करतोय का, हे मलाही टोचतं, बाई."

"मंग एक कडं तुमच्यासाठी ठेवू का?"

पुढची पिढी अंगभर पिसांची आली. साहेबांनी यंत्र फडक्यात गुंडाळलं.

निवृत्तीच्या दिवशी अंजनाबाई दहाला बसली, दोघींना कडं घातलं, बाकीच्यांची अंडी टोपलीत भरून उबवणीच्या खोलीकडे निघाली. वाटेत सासूबाईच्या खुराड्यात मूठभर कणी टाकली. सासूबाईनं कणी सोडून बोट टोचलं. अंजनाबाईनं ते तोंडात घातलं आणि टोपली दुसऱ्या हातात घेऊन पुढे गेली.