कुंकवावर फुललेली लेहुआ

माझी मुलगी जुरोंग ईस्टला हुला शिकते. हवाईचा नाच तो. कंबर डोलते आणि हात गोष्ट सांगतात. त्यांच्या वर्गाचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. घागरे कोण शिवणार, असा प्रश्न निघाला आणि मी सगळ्या आयांदेखत हात वर केला. मुलीने डोळेच मिटून घेतले.

"आई, ऑनलाइन मिळतात लाह!" इथल्या मुलांसारखा तिच्याही वाक्याला 'लाह' चिकटतो.

मिळतात की! प्लास्टिकच्या झिरमिळ्या! पुण्यात माझं स्वतःचं बुटीक होतं बरं का, आणि इथे परदेशात आल्यापासून मी नुसती नवऱ्याच्या नोकरीच्या पासवर राहणारी बायको. हे काम मला हवं होतं म्हणजे हवंच होतं.

शिकवणाऱ्या बाई मूळच्या हवाईच्या, साठी उलटलेल्या आणि भलत्या कडक. त्यांनी बजावलं, "उगाच शोभेची फुलं नकोत. कापडावर जे असेल, त्याचा नाचाशी संबंध हवा. शनिवारी बघते. नाही पटले, तर तयार मागवू."

लिटिल इंडियातून सायीच्या रंगाचं सुती कापड आणलं. भरपूर चुण्या घातल्या, कमरेला इलॅस्टिकच्या रांगा. घेरावर हिरव्या नेच्याची पानं छापली, कारण नेचा हुलावाल्यांना प्रिय. घागरे असे देखणे झाले की माझीच दृष्ट लागावी!

आणि मग मी माती खाल्ली. नवं कापड अंगाला लागण्याआधी कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं, ही आईची शिस्त. प्रत्येक घागऱ्याला लावलं. नंतर वाटलं, बोटं जरा ठसठशीतच उमटलीत, साबणाच्या फडक्याने टिपून घेऊ. साबण लागला की हळद लाल होते, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं! पण ऐन वेळी अक्कल गहाण. सगळ्या घागऱ्यांवर लालभडक डाग पसरले.

मुलगी बघतच राहिली. मी तिच्यावरच खेकसले, "बघतेस काय? तुमचा नाच कशावर आहे ते सांग!"

"लेहुआ. रेड फ्लॉवर. लाव्हाच्या दगडावर सगळ्यात आधी तेच झाड येतं." तिने फोनवर फोटो दाखवला.

अगं बाई! आमच्या ब्लॉकखालच्या जामाच्या झाडाला अशीच फुलं येतात, फक्त पांढरी. पाकळ्या नावाला, सगळा तंतूंचा झुपका. मी लाल रेशीम काढलं आणि प्रत्येक डागावर झुपका भरला. डाग मोठा तिथे फूल मोठं, डाग लहान तिथे कळी. मुलगी सुईत दोरा ओवून देत होती, न सांगता.

शनिवारी बाईंनी घागरा हातात घेतला. फुलांवरून बोट फिरवलं. मग घेर उलटा केला. मागून डाग स्पष्ट दिसत होता.

"हे काय?"

थाप मारता आली असती. पण म्हटलं, घागरे गेले तर जाऊ देत, आईची शिस्त कशाला लपवू? सांगितलं सगळं. हळद, कुंकू, साबण, माझा मूर्खपणा. "आमच्याकडे नव्या कपड्याला आधी मान देतात, मग तो घालतात."

बाई मुलींकडे वळल्या. "घागरा पायांतून चढवायचा नाही, डोक्यावरून घालायचा, असं मी का सांगते?"

"मान द्यायचा म्हणून," मुली एका सुरात म्हणाल्या.

"या बाईंनी तो तुमच्या आधी दिलाय. हेच घागरे घालायचे. आणि एकाही फुलाला हात लावायचा नाही."

जिंकले! त्या कडक बाईंसमोर मी चक्क टाळी वाजवली. माझ्या मुलीने तर शिट्टी मारली, जी तिला घरी वाजवायची बंदी आहे.

गलका ओसरल्यावर बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मलाही एक शिवाल? अशाच फुलांचा. डागासकट."

मी पिशवीतून टेप काढली. म्हटलं, "आधी माप द्या."