समेवरची मान

महिनाभर दुकानं पालथी घालून मी प्रवासासाठी कानात बसणारे हेडफोन घेतले. "बाहेरचा एक शब्द ऐकू येणार नाही," दुकानदार म्हणाला होता. कोल्हापूरच्या एसटीत ते लावले, वरून स्कार्फ बांधला आणि तबल्याच्या ठेक्यावर मान डोलवत बसले.

कराडला शेजारच्या मावशी उठल्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला, म्हणून मी हेडफोन काढले. त्यांचे डोळे ओले होते.

"हे आजवर कुणापाशी बोलले नव्हते बघ. तू मान हलवून सगळं ऐकून घेतलंस, लई हलकं वाटलं."

काही सुचायच्या आत त्या उतरूनही गेल्या. प्रत्येक समेला माझी मान जोरात हलली होती. तेव्हा त्या काय विचारत होत्या? मी कशाकशाला 'हो' म्हणून बसले?

दुकानदार खरं बोलला होता.