जावयाचा सिनेमा

आमच्या अमरावतीच्या फुलबाजारात किस्से झेंडूसारखे साचतात आणि संध्याकाळपर्यंत शिळे होतात. या सिनेमाचे मात्र अजून ताजे आहेत.

सुनंदा माझ्या शेजारच्या गाळ्यावर आईसोबत हार गुंफायची. चार वर्षांपूर्वी सोडचिठ्ठीचं बोलायला अकोल्याला गेली आणि नवऱ्याने तिचा गळा दाबला. तो जेलमध्ये गेला अन् त्याच्यावर सिनेमा निघाला!

सिनेमाचा लेखक आला तेव्हा तिच्या आईने, कमलाकाकूने, एकच अट घातली. "माही पोरगी जशी होती तशी दाखवा." मग काकू दोन तास पोरीबद्दलच बोलली. लेखकाची वही कोरी. निघताना त्याने विचारलं, गळा हाताने दाबला की दोरीने? तेवढं लिहून घेतलं.

*

सिनेमातल्या अकोल्यात हिरवे डोंगर आणि नारळाची झाडं! बाजारातले सर्वांत जुने सदूभाऊ म्हणाले, "हे अकोला, तर मे महिन्यात माहे पाय जळले ते गाव कोनतं?"

*

सुनंदा डावखुरी, तिची गाठ उलटी बसायची. नवरा म्हणत होता, ती आलीच नाही. त्याच्या गाडीच्या डिक्कीत हार सापडला आणि काकूने कोर्टात गाठ ओळखली. सिनेमात इन्स्पेक्टर लॅपटॉपची दोन बटणं दाबतो अन् खुनी सापडतो. काकू सिनेमात नाहीच.

*

पहिल्या दिवशी आम्ही सगळे टॉकीजमध्ये गेलो. पडद्यावरची सुनंदा परक्या माणसासोबत फिरते, नवरा गाणं म्हणत रडतो. त्याने गळा धरला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला एकेकाची गचांडी धरावीशी वाटली.

काकू शेवटच्या पाट्या संपेपर्यंत उठली नाही. तिला वाचता येत नाही. "पोरीचं नाव आलं का रे?" तिने विचारलं. पडद्यावर होतं, सर्व पात्रं काल्पनिक आहेत.

"आलं काकू," मी म्हणालो.

*

सिनेमा चालला! आठवड्याने नवऱ्याचं काम केलेल्या हिरोचे चाहते बाजारात आले. टॉकीजसमोरच्या पोस्टरला मोठा हार हवा होता आणि नेमके काकूच्याच गाळ्यावर थांबले. मी त्यांना माझ्याकडे बोलावत होतो, पण काकूने पोस्टरचा फोटो मागितला, तो मोबाइलवर नीट पाहिला आणि हार गुंफायला बसली. सगळ्या गाठी उलट्या मारल्या.

हार देताना म्हणाली, "घेऊन जा बापा. चार वर्सं झाले, याच्या फोटोले हार घालाची वाट पाहून राहिली मी."