धुतलेली तुरटी

चूक माझीच होती. तपासणीला जाणारी तुरटी मी धुवून पाठवत असे.

पन्नासच्या दशकात मी बदलापूरजवळ पाणी शुद्ध करण्याच्या कामावर होतो. गढूळ पाणी निवळायला तुरटीची पोती येत आणि प्रत्येक पोत्यातला एक खडा प्रयोगशाळेत पाठवणं माझ्याकडे असे. खडे पिवळट, मातकट असत. साहेबांकडे घाणेरडी वस्तू कशी पाठवायची, म्हणून मी ते पांढरे होईपर्यंत धुवायचो. अहवाल नेहमी उत्तम यायचा.

आमचंच पाणी उल्हासनगरला जाई. तिथल्या पाच नंबर कॅम्पात माझ्या शेजारच्या सिंधी भाभी पापड करून विकत. एकदा त्यांनी पापड वाळवायचं कापड माझ्यापुढे धरलं. त्यावर पिवळे डाग होते आणि ते बघून गिऱ्हाइकं परत जात होती.

"भाऊ, ये पानी है के हल्दी?"

"पाणी तपासलेलं आहे, भाभी. तुमचा डबा गंजलाय."

त्यांनी पाण्याचा डबा टाकून दिला. डाग पडतच राहिले.

पुढे एका सहकाऱ्यानं मला खडे धुताना पाहिलं.

"अहो, तुरटीला अभ्यंगस्नान घालताय? मग ते तपासणार काय, तुमचे हात?"

मी गोंधळून गेलो. खड्यांवरचा पिवळेपणा लोखंडाचा असू शकतो आणि तपासायचं असतं ते तेच, हे त्यानं मला समजावलं. डाग तुरटीतल्या लोखंडाचे होते की नळांच्या गंजाचे, मला आजही ठाऊक नाही. धुतलेल्या खड्यांवरून ते कुणालाच कळलं नसतं.

त्याच संध्याकाळी मी भाभींच्या दारात गेलो.

"पाणी चांगलं आहे, हे मी माहीत नसताना ठामपणे सांगितलं. दोष तुमच्यावर ढकलला. मला माफ करा."