तलावाच्या मासोळ्यांची बातमी

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी मोहाडीत नागपूरच्या एका दैनिकाचा एजंट होतो आणि वार्ताहरही. सकाळी एसटीतून गठ्ठे उतरवायचे, वाटायचे आणि जमलं तर एखादी बातमी लिहून धाडायची. ती छापून आली की टपरीवरचे लोक माझ्याकडे वळून बघत. मला ते फार आवडायचं.

एका उन्हाळ्यात शेजारच्या खेड्यात पाच-सहा जणांना हगवण लागली. टपरीवर एक कंपाउंडर म्हणाला, "तलावातल्या मासोळ्या खाल्ल्या असतीन. पानी आटून राहिलं ना." असतीन, एवढंच. ते खेडं सायकलनं अर्ध्या तासावर होतं, पण ऊन होतं, मी गेलो नाही. घरी बसून लिहिलं, 'तलावातील विषारी मासे खाल्ल्याने गावात रोगराई.' 'विषारी' हा शब्द माझा. त्याच्याशिवाय बातमी लागणार नाही, हे मला ठाऊक होतं.

बातमी चौकटीत लागली. त्या आठवड्याच्या बाजारात मासोळ्यांच्या ओळीकडे कुणी फिरकलं नाही. तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बायका टोपल्यांवर ओलं फडकं टाकून बसून राहिल्या. दुपारी त्यांच्यातली एक वयस्क बाई माझ्या पेपरच्या दुकानापुढे आली. आमच्या घरी तीच मासोळ्या द्यायची.

"भाऊ, पेपरात आमच्या तलावाचं काय लिवलं हाये? मले वाचून दाखवा जी."

मी वाचलं. 'विषारी'पाशी माझा आवाज खाली गेला.

"आमी बी तेच खाऊन राहिलो. आमाले तं काही नाही झालं. कोनं लिवलं?"

"नागपूरवाल्यायनं."

"ते आल्ते का इथं?"

"नाही."

"मंग त्यायले कसं समजलं?"

मी गठ्ठ्याची सुतळी सोडत बसलो.

"तुमी शिकलेले, भाऊ," ती म्हणाली. "तुमीच लिवा ना, हे खोटं हाये म्हून."

दुसऱ्या दिवशी मी त्या खेड्यात गेलो. आजारी घरांपैकी दोन माळकऱ्यांची होती, मासोळीला हात न लावणारी. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, विहिरीचं पाणी बिघडलं होतं. मी खुलासा धाडला. तो पंधरा दिवसांनी आतल्या पानावर, तीन ओळींत आला. मी टपरीवर मोठ्यानं वाचला. एक जण हसून म्हणाला, "ढिवरायनं दाबलं असन प्रकरण." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हा उभं राहून सांगायला हवं होतं की पहिली बातमी मीच मनानं रचली. मी चहा संपवला.

घरी बायकोला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईले सांगितलं का?"

त्याच आठवड्यात ती बाई दुकानात आली. कुणीतरी तिला खुलासा वाचून दाखवला होता. तिनं पळसाच्या पानात बांधलेल्या मासोळ्या पुढे केल्या.

"तुमी आमच्यासाठी लिवलं, भाऊ. घ्या."

मी घेतल्या. बायकोनं रस्सा केला. मासोळी ताजी होती, तिच्यात काही वाईट नाही हे मला माहीत होतं, तरी पहिला घास मी ताटातच ठेवला. माझाच शब्द मला आठवत होता.

पावसाळ्यात तलाव भरला आणि हळूहळू गिऱ्हाईकही परतलं. मी पुढं कित्येक वर्षं बातम्या धाडत राहिलो. ती बाई मला मान देत राहिली, आणि मी तिला कधीच काही सांगितलं नाही.